मुंबईचे पोलीस १८६१ च्या कायद्यातून जन्मले काय?

प्रश्न : आमचे खापरपणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून येऊन मुंबईत पोलीस शिपाई झाले, असे घरात सांगतात. त्यांचा पितळी बिल्ला अजून देवघराच्या खणात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला व त्यातून मुंबईचे दल उभे राहिले, असे मी शाळेत शिकलो. हे खरे का? आणि शिपाई कोकणातलेच का असत?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुंबईपुरते हे खरे नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांच्या पोलिसांसाठी १८५६ चा तेरावा कायदा, म्हणजे उठावाच्या आदल्याच वर्षी, झाला होता. आणि मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना १८६७ मध्ये त्यांचा वेगळा कायदा मिळाला. १८६१ च्या कायद्याचा दबदबा इतरत्र मोठा असल्यामुळे पाठ्यपुस्तकांनी मुंबईलाही त्याच गाठोड्यात बांधले, एवढेच.

मात्र कायद्याहून मोठी अडचण माणसांची होती. सतराव्या शतकात मुंबईचा इंग्रज गव्हर्नर ऑन्जियर याने भंडाऱ्यांची पथके उभारून माहीम, शिवडी व शीव येथे सुभेदार नेमले, तिथून हा इतिहास सुरू होतो. पुढे गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाती कारभार गेल्यावर १७७९ मध्ये नेमलेल्या जेम्स टॉडवर आणि १८१० मध्ये चार्ल्स ब्रिस्कोवर, म्हणजे खुद्द पोलिसांच्या मुख्यांवरच, भ्रष्टाचाराचे खटले चालले. वरचाच असा निघाल्यावर चौकीवरच्या शिपायाला बोल लावण्यात काय अर्थ?

ही घडी बदलली ती १८५५ नंतर, शहराचा पोलीस सुपरिंटेंडेंट चार्ल्स फोर्जेट याच्या हातून. ताडदेवजवळच्या फोर्जेट स्ट्रीटला त्याचेच नाव आहे. तो हिंदुस्थानातच वाढलेला मिश्रवंशीय होता. मराठी व हिंदुस्थानी सफाईने बोले आणि वेष पालटून आपल्याच शिपायांची पारख करी. त्याची ही तऱ्हा १८५७ च्या ऑक्टोबरात सरकारच्या उपयोगी पडली. दिवाळीच्या सुमारास शहरात उठाव करण्याची मसलत सोनापुराजवळ गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी चालत असे. फोर्जेटने त्या घराच्या भिंतीला भोके पाडली आणि मरीन बटालियनच्या मेजर बॅरोला सोबत नेऊन, आत बोलणारे शिपाई त्याच्याच पलटणीचे आहेत हे त्याला दाखवले. पुढे या मसलतीतल्या दोघांना एस्प्लनेडवर, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मैदानावर, तोफेच्या तोंडी दिले. आज त्या दोघांना आपण हुतात्मे मानतो, म्हणून या कर्तबगारीचे कौतुक करताना लेखणी अडखळते. पण हेरगिरीवर उभ्या राहिलेल्या शहरी पोलिसाचा नमुना म्हणून हा प्रसंग टाळताही येत नाही.

फोर्जेटनंतर १८६४ मध्ये फ्रँक साउटर आले. मुंबईचे पहिले कमिशनर म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते आणि १८८८ पर्यंत ते पदावर होते. शहर व जिल्हा यांतला फरक इथे ठळक होतो : जिल्ह्याचा सुपरिंटेंडेंट मॅजिस्ट्रेटच्या, म्हणजे कलेक्टरच्या, तंत्राने चाले, तर मुंबईचा कमिशनर थेट सरकारला जबाबदार असे.

आता कोकणाबद्दल. शिपायाचा पगार तुटपुंजा, पाळी रात्रंदिवसाची आणि पुढे गिरणी व गोदीत बरे पैसे मिळू लागलेले, त्यामुळे मुंबईत जन्मलेला तरुण या नोकरीकडे फारसा वळत नसे. रत्नागिरीत शेताचे तुकडे लहान, पीक पावसाच्या लहरीवर आणि बंदरातून मुंबई गाठणे सोपे. शिवाय एक माणूस दलात लागला की तो भावाला व मेव्हण्याला ओढून आणी. ही साखळी सरकारलाही सोयीची होती, कारण नव्या माणसाला जुना माणूस ओळखत असे. वर चढायची शिडी मात्र आखूड होती : हवालदार, जमादार, फार तर सुभेदार. त्यावरच्या जागा बहुतेक गोऱ्यांच्या होत्या.

तुमच्या खापरपणजोबांचा माग काढायचा असेल, तर बिल्ल्यावरचा आकडा व अक्षर जसेच्या तसे उतरवून घ्या. काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या न्याय खात्याच्या जुन्या बाडांमध्ये पोलिसांसंबंधीचा पत्रव्यवहार आहे. ते नोकरीला लागले ते साल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आधी कळले, तर कोणते बाड काढायचे हे ठरवणे सोपे जाईल.