अलॉय सरळ करावा, की बदलावा?

प्रश्न : माझी २०१६ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. मूळ १६ इंची अलॉय (ॲल्युमिनियमची चाकं), टायर २४५/७० आर १६. कुंभार्ली घाटात खड्ड्यात आदळून पुढच्या डाव्या चाकाची आतली कड चेपली. टायरवाल्याने गॅसने तापवून, हातोड्याने ठोकून ती सरळ करून दिली. आता ताशी ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि आठवड्याला सात-आठ पीएसआय हवा उतरते. बॅलन्सिंग दोनदा झालं. पुढे काय करू? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : ते चाक आजच काढा आणि स्टेपनी लावा. गॅसने तापवून ठोकलेला अलॉय पुढच्या ॲक्सलवर ठेवू नये, त्यात घाट रोजचा असेल तर मुळीच नाही.

कारण धातूत आहे. ओतीव अलॉय म्हणजे ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. कारखान्यात चाक ओतल्यावर ते ५४० अंशांच्या आसपास तापवतात, पाण्यात बुडवून एकदम थंड करतात आणि मग १५०-१७० अंशांवर काही तास मुरू देतात. चाकाची ताकद या मुरवण्यातून येते. गॅसची ज्योत तो भाग पुन्हा २००-३०० अंशांच्या वर नेते, आणि तेवढ्या पट्ट्यातला धातू कायमचा मऊ पडतो. लोखंड तापलं की लाल होतं, कारागिराला अंदाज येतो. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल दिसतच नाही. त्यामुळे ज्योत धरणाऱ्याला आपण किती तापवलं ते कळत नाही. असा मऊ पट्टा पुढच्या खड्ड्यात पुन्हा चेपतो किंवा तिथूनच चीर धरतो.

टायर उतरवून आतली बाजू उजेडात बघा. रंग तपकिरी होऊन फुगलेला असेल, पृष्ठभाग लोण्यासारखा ओघळल्यागत दिसत असेल किंवा हातोड्याचे खळगे असतील, तर आमचं मत स्पष्ट आहे : रिम भंगारात द्या. खुणा दिसल्या नाहीत तरी तापमान किती गेलं होतं हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत बदलणंच बरं.

बॅलन्सिंगने थरथर का गेली नाही? बॅलन्सिंग वजनाचा फरक भरून काढतं, आकारातला वाकडेपणा नाही. अंडाकृती झालेलं चाक शिसं लावून गोल होत नाही. वाकडेपणा डायल गेजने (मिलिमीटरचे बारीक भाग दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) मोजतात. टायर उतरवून, बीड (टायरची रिमला घट्ट धरणारी कड) जिथे बसते त्या दोन्ही कडांवर गेज टेकवायचा आणि चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवायचं. वर-खाली आणि आत-बाहेर, दोन्हीकडे फरक साधारण ०.८ मिमीच्या आत हवा. टायरसकट मोजू नका. टायरच वाकडा असेल तर रिमवर नाहक आळ येतो.

हवा कुठून जाते ते साबणाच्या पाण्याने पाहा : व्हॉल्व्हची पिन, व्हॉल्व्हचं बूड, दोन्ही बीड आणि रिमचं आतलं पिंप (टायरने झाकलेला गोल पत्रा). या शेवटच्या जागेकडे सहसा कुणी पाहत नाही. पिंपावर बारीक बुडबुड्यांची रेघ दिसली तर ती चीर आहे. शंका असेल तर क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर असे तीन कॅन मिळतात. जागा स्वच्छ करा, डाय मारून १०-२० मिनिटं थांबा, पुसा आणि डेव्हलपर फवारा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

तापवलेलं नाही असं चाक मात्र दुरुस्त होऊ शकतं. फक्त कड वाकली असेल आणि चीर नसेल, तर हायड्रॉलिक प्रेसवर, गेज लावून, हळूहळू दाब देत सरळ करणारा शोधा. थोडी ऊब द्यावी लागली तर तो तापमानाचा खडू (ठरलेल्या तापमानाला वितळणारा) वापरतो का, ते विचारा. नुसत्या इन्फ्रारेड बंदुकीवर विसंबू नका : चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते. काळ्या मॅट रंगाचा ठिपका देऊन त्यावर मोजलं तर आकडा खरा येतो. काम झाल्यावर डाय मारून पुन्हा तपासून घ्या. आरे, चाकाचा मधला भाग किंवा नटांची भोकं यांना इजा असेल तर दुरुस्ती नाही. कडेची चीर आर्गन वेल्डिंगने बुजवून देतात, हवाही थांबते. पण वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंचा धातू मऊ होतो. माल वाहणाऱ्या पिकअपसाठी आम्ही त्याला होकार देणार नाही.

प्रश्न : माझ्याकडेही व्ही-क्रॉसच आहे. एकच अलॉय खराब झाला, पण जुन्या बाजारात फॉर्च्युनरचे १७ इंची चार अलॉय टायरसकट स्वस्तात मिळताहेत. सहा बोल्टचेच आहेत. बसतील ना? — एक वाचक, सांगली

उत्तर : बोल्ट बसतील. दोन्ही गाड्यांचे सहा बोल्ट १३९.७ मिमीच्या वर्तुळावर आहेत. पण फॉर्च्युनरच्या रिमचं मधलं भोक १०६.१ मिमी आहे आणि इसुझूचा हब (गाडीचा, चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) त्याहून लहान. चाक हबवर टेकत नाही, नुसत्या नटांवर लटकतं आणि मध्यावर येत नाही. त्यासाठी मधली फट भरणारी हब रिंग लागते. आतला व्यास तुमचा हब व्हर्नियरने (बारीक मापाच्या सरकपट्टीने) मोजून ठरवा, बाहेरचा १०६.१.

नटही बघा. टोयोटाच्या बऱ्याच अलॉयना सपाट वॉशरचे, लांब मानेचे नट लागतात. तिथे निमुळता नट आवळला तर तो बारीकशा कडेवरच टेकतो आणि काही किलोमीटरमध्ये ढिला पडतो.

टायरचंही गणित आहे. तुमच्या २४५/७० आर १६ची उंची ७४९ मिमी. फॉर्च्युनरचा २६५/६५ आर १७ टायर ७७६ मिमीचा. स्पीडोमीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८३च्या जवळपास असेल. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासतो का, तेही पाहावं लागेल.

एवढ्या खटपटीपेक्षा मूळ मापाचा एक वापरलेला अलॉय शोधा. आऱ्यांच्या मागे माप आणि ‘ईटी’ पुढे ऑफसेटचा (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी सरकलेली आहे, त्याचा) आकडा ओतलेला असतो. तुमच्या जुन्या रिमवरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळवा. रिमवर कमाल भार लिहिला असेल तर तो गाडीच्या प्लेटवरच्या मागच्या ॲक्सलच्या भाराच्या निम्म्याहून कमी नको. विकणाऱ्याला टायर न चढवता रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा आणि कडेकडे बघत राहा. बाहेरून जुनी पण आतून ताज्या रंगाची रिम घेऊ नका; त्या रंगाखाली बहुधा वेल्डिंग असतं.

ऊस, खडी, शेतातला रस्ता असंच काम असेल तर १६ इंची लोखंडी डिस्कचा (साध्या पोलादी चाकाचा) विचार जरूर करा. जड असते, दिसायला साधी, पण आदळली तर वाकते, सहसा तडकत नाही. नट मात्र डिस्कच्या बैठकीचेच घ्या.

प्रश्न : समुद्राजवळ राहतो. अलॉयचा रंग पापुद्र्यांनी निघतो, खाली पांढरी भुकटी दिसते. मागचं चाक तर नट काढले तरी हबला चिकटून बसलंय. — एक वाचक, मालवण

उत्तर : चिकटलं ते खारट हवेमुळे. लोखंडी हब आणि ॲल्युमिनियमची रिम यांच्यामध्ये ओल राहिली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि ती भुकटी दोघांना जखडते. चाक जमिनीवर ठेवून सगळे नट अर्धा-एक आटा ढिले करा, काढू नका. मोकळ्या सपाट जागी गाडी दोन-तीन फूट पुढे-मागे करत हलके ब्रेक मारा; चाक सुटतं. मग नट आवळून, जॅक लावून चाक काढा. आरे ठोकू नका. हबची वर्तुळाकार कड तारेच्या ब्रशने घासा आणि तिथेच अँटी-सीझचा (धातू जखडू न देणाऱ्या ग्रीससारख्या लेपाचा) पातळ हात द्या. बोल्टच्या आट्यांना लावू नका, नाहीतर टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) दाखवतो त्यापेक्षा बोल्ट जास्त ताणला जातो.

भुकटी बीडखाली पोचली की हवा हळूहळू जाऊ लागते. टायर उतरवून ती जागा उघड्या धातूपर्यंत घासा, बीड सीलर लावा, व्हॉल्व्ह नवा टाका. रंगासाठी १२०, २४०, ४०० अशा क्रमाने पॉलिश पेपर, मग एच प्रायमर (उघड्या धातूला पकड देणारा), रंग आणि टूके क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर). पावडर कोटिंग करायचं तर भट्टी १८०-२०० अंशांची असते, म्हणून ते एकदाच करा आणि गरजेपेक्षा जास्त वेळ भाजू देऊ नका. शिशाची वजनं क्लिपची नकोत, आतून चिकटवायची घ्या. क्लिप रंग सोलते आणि गंज तिथूनच शिरतो. सर्व्हिस सेंटरवर चाकं चमकवायला ॲसिड मारत असतील तर तिथल्या तिथे थांबवा.

चाक परत लावताना नट चांदणीच्या क्रमाने (एक झाला की त्याच्या समोरचा), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.