‘मॅडम, माझा विश्वास कमी पडला का?’

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय, की आता समोरचं माणूस तोंड उघडायच्या आधीच तो मला दिसतो. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाच्या मुलाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरात मोठं दुखणं असतं. उपास-प्रार्थना झालेली असते, चर्चच्या मंडळीनं गुडघे टेकलेले असतात, तरी नको तेच घडलेलं असतं. मग दुःखावर आणखी एक ओझं येऊन बसतं. देवानं ऐकलं नाही, म्हणजे खोट माझ्यातच असणार.

नगरकडच्या एक बाई चार महिन्यांच्या दुःखानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही अशा बेतानं हे लिहिते आहे. वय पंचावन्नच्या पुढे, नवरा शिक्षक. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि एका पहाटे सगळं संपलं. लेकीनं त्यांना आणलं. एसटीत बसावं तशी पर्स मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या.

‘लोक येत होते भेटायला?’ मी विचारलं.

‘रोज. कुणी म्हणायचं, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. कुणी म्हणायचं, सगळं मिळून कल्याणासाठीच होतं. एकजणी म्हणाल्या, विश्वासात कुठंतरी उणीव राहिली असेल, तपासून बघा.’

‘मग?’

‘तेव्हापासून तपासतेच आहे.’

पहिल्या दोन भेटींत मी या विषयाला हातही लावला नाही. झोप किती, जेवण काय, एवढंच विचारलं. दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी चहा, रात्री दोनला टक्क जाग. उपाशी, जागरणानं थकलेल्या माणसाशी श्रद्धेवर बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. आम्हीही तेच केलं. डॉक्टरांना दाखवलं, आणि संध्याकाळचं जेवण लेकीबरोबर करायचं ठरलं.

तिसऱ्या भेटीत त्या स्वतःहून म्हणाल्या, ‘डोळे मिटले की प्रार्थना येत नाही, राग येतो. देवावर राग धरणं पाप ना?’

मी पवित्र शास्त्र त्यांच्या हातात दिलं आणि ८८वं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्या वाचू लागल्या. आवाज हळूहळू बारीक होत गेला. शेवटची ओळ झाल्यावर पुढं काही आहे का, ते त्यांनी पान उलटून पाहिलं.

‘संपलं?’

‘संपलं.’

‘शेवटी तर अंधारच आहे की. स्तुती नाही, आभार नाहीत. आणि हे शास्त्रात ठेवलंय?’

‘वरची ओळ बघा. मुख्य गवयासाठी आहे. चारचौघांत, उपासनेत गायला.’

त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मी मध्ये बोलले नाही. एवढ्या वर्षांत मी काही शिकले असेन तर अशा वेळी गप्प बसायला. मग त्या म्हणाल्या, ‘हा माणूस भांडतोय. पण देवाशीच भांडतोय. मी तर चार महिने बोलतच नाही त्याच्याशी.’

पर्स मांडीवरून खाली घसरली, त्यांचं लक्षही नव्हतं. डोळे उघडे ठेवूनच त्या बोलल्या, ‘प्रभू, दोन वर्षं रोज मागितलं तुझ्यापाशी. एकदा हो तरी म्हणायचं होतंस, नाहीतर नाही तरी.’ मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘आमेन म्हणू का?’

‘म्हणावंसं वाटलं तर.’

‘आज नको,’ त्या म्हणाल्या.

तेव्हाच मला वाटलं, आता ही बाई उभी राहणार. रागावून बोलणाऱ्यानं नातं तोडलेलं नसतं. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एकतृतीयांश विलापाची आहेत. आपण मात्र आनंदाचीच पाठ करतो आणि संकट आलं की तोंडात शब्द नसतात.

राहिला विश्वास कमी पडण्याचा हिशोब. गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, प्याला टळला नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, काढावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. यांच्यात कुणाची श्रद्धा अपुरी होती? त्या बाईंना मी एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

आशा म्हणजे मन प्रसन्न होणं, असं समजून लोक महिनोन्‌महिने त्या प्रसन्नतेची वाट बघत बसतात. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः. मधल्या त्या महिन्यांतही त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नव्हतं. मी आशा याला म्हणते. डोळ्यांत पाणी असताना उद्याचं काम हातात घेणं.

झोप-भूक दोन आठवडे उडालेली असेल तर डॉक्टरांकडे जा. गोळी घेणं हा अविश्वास नाही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, घरच्यांना सांगा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

आणि सांत्वनाला जाणाऱ्यांना हात जोडून विनंती. बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

गेल्या महिन्यात या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या गल्लीत एक तरुण मुलगा गेला. पिठलं-भाकरी घेऊन त्या गेल्या, त्याच्या आईजवळ तासभर बसल्या, भांडी घासली आणि घरी आल्या.

‘काय बोललात?’ मी विचारलं.

‘काही नाही. उद्या परत जाणारे.’