भाचीला बिटकॉइनचं भेट-पाकीट पाठवू का?

प्रश्न: भावाची मुलगी पुढच्या महिन्यात अठरा वर्षांची होते आहे. माझ्याकडे एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीत, थोडं बिटकॉइन आणि थोडे यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं डिजिटल नाणं) आहेत, बाकी बचत बँकेत. तिला बिटकॉइनचं डिजिटल भेट-पाकीट पाठवावं असं मनात आहे. त्यासाठी अडीअडचणीला म्हणून ठेवलेल्या पैशांतून दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम काढून आणखी बिटकॉइन घेईन म्हणते. घरच्या ग्रुपवर तीस जणांसाठीही एक पाकीट टाकायचं आहे. ग्रुपवर अशा फुकट पाकिटांच्या लिंका येत असतात, मीही दोन-चार उघडल्यात. हे सगळं करावं का?

ताई, ग्रुपवर छोटं पाकीट टाकायला माझी हरकत नाही. अडीअडचणीच्या पैशांना मात्र हात लावू नका. आणि भाचीची भेट पाकिटातून पाठवू नका, ती वेगळ्या वाटेने द्या. कशी ते पुढे सांगतो.

आधी हे पाकीट चालतं कसं ते बघू. तुम्ही ॲपमध्ये पाकीट तयार केलं की तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम बाजूला निघते आणि एक कोड किंवा लिंक मिळते. ज्याने कोड टाकला त्याच्या खात्यात पैसे जमा. यात ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांच्या सामाईक सार्वजनिक नोंदवहीत, बहुतेक वेळा काहीच घडत नाही. एक्सचेंजच्या वहीत तुमच्या नावासमोरचा आकडा कमी होतो, त्याच्या नावासमोरचा वाढतो. म्हणून नेटवर्कचं शुल्क लागत नाही आणि काम चुटकीसरशी होतं. पण त्यामुळेच घेणाऱ्याचं त्याच एक्सचेंजवर, ओळख पडताळून झालेलं खातं लागतं. तुमच्या तीस जणांत अशी खाती किती जणांची आहेत? बाकीच्यांना तुमची भेट घ्यायची तर आधी खातं उघडून ओळखपत्राचा फोटो एका कंपनीच्या हवाली करावा लागेल. घरातल्या वयस्कर मंडळींना चार पैशांसाठी तिकडे ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांची खाती आधीच आहेत अशांचा वेगळा छोटा ग्रुप करा आणि पाकीट तिथे टाका.

कोड म्हणजे रोख रक्कम समजा. माझ्या एका अशिलाने सहकाऱ्यांसाठी वीस वाट्यांचं पाकीट केलं आणि कोड ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो उत्साहाने दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवला. पहिला सहकारी पासवर्ड आठवत बसला होता, तोवर विसाच्या वीस वाटे संपले. घेणारे सगळे अनोळखी. तक्रार करायला जागाच नव्हती, कारण कोड खरा होता आणि ज्याने आधी टाकला त्याचा झाला. म्हणून वाटे मोजकेच ठेवा आणि कोड देण्याआधी सगळ्यांना फोन हातात घ्यायला सांगा. उरलेली रक्कम ठरावीक मुदतीनंतर, बरेचदा 24 तासांनी, तुमच्याकडे परत येते. मुदत पाकीट करतानाच वाचून घ्या.

हा खेळ मूळचा वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपचा. चिनी नववर्षाच्या तोंडावर, जानेवारी 2014 मध्ये, त्यांनी फोनवरून लाल पाकिटं वाटायची सोय आणली. रक्कम सगळ्यांना सारखी वाटा किंवा नशिबावर सोडा. लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि पुढे क्रिप्टो एक्सचेंजांनी तीच कल्पना उचलली. फरक एवढाच, की तिथल्या पाकिटात युआन होते. आज आलेले शंभर युआन पुढच्या आठवड्यातही शंभरच राहतात.

बिटकॉइनचं तसं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याचा भाव सुमारे 69,000 डॉलरवर गेला आणि वर्षभरात 16,000 च्या खाली आला. त्या वेळी कुणी भाचीला पाकीट दिलं असतं, तर पुढच्या वाढदिवसाला तिच्या हाती पाव हिस्साही उरला नसता. ज्यांनी धीर धरला त्यांचा भाव मार्च 2024 मध्ये पुन्हा वर आला, हेही खरं. पण धीर धरणं त्यालाच परवडतं ज्याला मधल्या काळात त्या पैशांची गरज पडत नाही. अडीअडचणीचे पैसे आपण ठेवतो तेच मुळी अशा दिवसासाठी, ज्याची तारीख आपल्या हातात नसते. दवाखान्याचं बिल बाजार वर येण्याची वाट बघत नाही. म्हणून त्या दोन महिन्यांच्या पैशांबद्दल मी अजिबात ढिला पडणार नाही.

मग ग्रुपच्या पाकिटात काय घालावं? यूएसडीटीसारखी डॉलरला बांधलेली नाणी लहान पाकिटाला बरी. त्यांनाही अगदी सोन्याची खात्री नाही बरं का. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा डॉलरला बांधलेलं दुसरं नाणं यूएसडीसी एका शनिवार-रविवारात 88 सेंटच्या आसपास घसरलं आणि काही दिवसांत सावरलं. मे 2022 मध्ये कोसळलेलं टेरायूएसडी हे तसंच तिसरं नाणं सावरलंच नाही. दोन-चार दिवसांत खर्चून मोकळं होण्याएवढी रक्कम असेल तर या धोक्याने झोप उडू नये.

आता तुम्ही उघडलेल्या लिंका. मला खरी काळजी तिथे वाटते. एक्सचेंजचं पाकीट ॲपच्या आत कोड टाकूनच उघडावं. पाकीट मिळवण्यासाठी कुणी आधी थोडी रक्कम भरायला सांगितली, वॉलेट (नाणी स्वतःच्या ताब्यात ठेवायचं ॲप) जोडायला सांगितलं किंवा वॉलेटची किल्ली असलेले बारा अथवा चोवीस शब्द विचारले, तर ती फसवणूक आहे. यात मधलं काही नाही. वॉलेट जोडून एखाद्या परवानगीवर तुम्ही बोट टेकवलं असेल, तर त्या क्षणी काहीच गेलेलं दिसत नाही. पुढे कधीही तुमच्या वॉलेटमधली नाणी उचलायचा हक्क मात्र समोरच्याला मिळालेला असू शकतो. अशा परवानग्या वॉलेटच्या सेटिंगमध्ये किंवा ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर) दिसतात आणि रद्दही करता येतात. शब्द कुठेही टाइप केले असतील, तर परवानग्या तपासत बसू नका. नवं वॉलेट करा आणि सगळं लगेच तिकडे हलवा.

भाचीसाठी मी असं करेन. भेटीची जवळपास सगळी रक्कम तिच्या नावावर साध्या मुदत ठेवीत. तीही वर्षभराच्या बचतीतून, राखीव पैशांतून नाही. बिटकॉइन हवंच असेल तर नवं विकत घेऊ नका, तुमच्याकडे आहे त्यातलंच थोडं द्या. किती? शून्य झालं तरी तुम्हा दोघींपैकी कुणीही पुन्हा तो विषय काढणार नाही इतकं. एका बिटकॉइनचे दहा कोटी साटोशी, म्हणजे त्याचे सगळ्यात लहान भाग, होतात, त्यामुळे थोडंसं देण्यात अडचण नाही.

आणि ते तिच्या शेजारी बसून द्या. तिला स्वतःचं वॉलेट उघडू दे. बारा शब्द तिच्या हाताने कागदावर लिहू दे, त्यांचा फोटो काढू देऊ नका. मग अगदी किरकोळ रक्कम पाठवून बघा, पोचली की उरलेली पाठवा. पत्ता तिच्या स्क्रीनवरूनच घ्या, जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. पहिली आणि शेवटची अक्षरं सारखी असलेले पत्ते बनवून त्या यादीत घुसवणारे भामटे आहेत. इथे शुल्क लागेल, वेळही लागेल. पण नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स या मोठ्या एक्सचेंजने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा लोकांना खात्यात आकडा दिसत होता आणि पैसे काढता येत नव्हते. पाकिटातून आलेली भेट एक्सचेंजवर अशीच पडून राहते. शेजारी बसून दिलेली भेट तिच्या स्वतःच्या ताब्यात असते, आणि तो ताबा सांभाळायचा कसा हेही ती त्याच बैठकीत शिकते.

कराचं थोडक्यात. अनेक देश क्रिप्टोला चलन न मानता मालमत्ता मानतात आणि भेटीचे नियम सगळीकडे वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये जोडीदाराखेरीज कुणाला क्रिप्टो दिलं तर ते विकल्यासारखं धरतात. अमेरिकेत तसं धरत नाहीत. भारतात 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. तुम्ही कुठल्याही देशात असा, दिलं त्या दिवसाची तारीख, नाण्यांची संख्या, त्या दिवसाचा भाव आणि तुमची मूळ खरेदी किंमत एका कागदावर लिहून भाचीलाही त्याची प्रत द्या. पुढे ती विकायला जाईल तेव्हा हाच कागद लागेल.

वाढदिवसाला अजून महिना आहे. लिंकांची तपासणी मात्र आज रात्रीच करा, आणि काही संशयास्पद दिसलं तर मला लगेच कळवा.