लिनिया टी-जेट: रीमॅपच्या आधी होज पाईप बघा

तुमचं म्हणणं असं: 2011 ची फियाट लिनिया टी-जेट, 1 लाख 10 हजार किमी झालेत, पुण्यात ॲव्हरेज 11 वरून 8 वर आलंय आणि पिकअपही गेलाय. एक जण म्हणतो रीमॅप मारा (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवा), दुसरा म्हणतो टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) पेट्रोल पितोच, हळू चालवा. आता पिकअप सोडू की ॲव्हरेज, असं विचारताय.

माझ्याकडेही हीच गाडी, त्याच सालची. मी म्हणेन, तूर्तास काहीच सोडू नका. पिकअप वापरला म्हणून ॲव्हरेज गेलं तर समजू शकतो. पण पिकअप मिळतही नाही आणि पेट्रोलही जातंय, म्हणजे गाडीत काहीतरी बिघडलंय.

माझ्या गाडीचं सांगतो. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला 2500 आरपीएमच्या आसपास जो रेटा यायचा तो एकदम नाहीसा झाला. गॅरेजवाल्याने बॉनेटमध्ये डोकावून 'टर्बो गेला' म्हणून सांगितलं. नव्या टर्बोचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. पुढे ओळखीच्या एका फिटरने टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा होज तपासला. वरून होज ठणठणीत, फक्त क्लॅम्पच्या कडेला तेलकट धूळ चिकटलेली. त्याने तो काढून दोन्ही हातांनी पिळला, तेव्हा वळणाच्या आतल्या अंगाला पेरभर चीर उघडली. सोडला की चीर परत मिटायची. म्हणून आयडलला काहीच कळत नव्हतं, आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) आला की हवा तिथून बाहेर. मग तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, एक्झॉस्टची वाट अडते, गाडी ओढत नाही म्हणून आपण पाय आणखी दाबतो. एक होज आणि दोन क्लॅम्प बदलले. टर्बो अजून तोच आहे.

तेव्हा आधी होज, मग स्पार्क प्लग. बूस्टमध्ये सिलिंडरातला दाब जास्त असतो, त्यामुळे गॅप वाढलेला प्लग नेमका जोर मागितला की ठिणगी चुकवतो. एरवी गाडी गुळगुळीत चालते. थर्मोस्टॅटकडे तर कुणी बघतच नाही. तो उघडाच अडकला तर इंजिन पुरतं तापत नाही आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. अर्धा तास चालवूनही काटा मधल्या रेघेच्या खाली राहत असेल तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर. एक्झॉस्ट तपासून पेट्रोलचं प्रमाण ठरवायला मदत करणारा ऑक्सिजन सेन्सर इतक्या किमीला सुस्तावलेला असू शकतो, पण तो आकडे बघूनच बदला. आणि गाडी उतरणीवर सोडली की मोकळी धावते का, चाकं गरम होतात का, तेही बघा. चिकटलेला ब्रेक निमूटपणे पेट्रोल खातो.

आकडे बघायला साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे मोबाईलवर दाखवणारा) पुरतो. इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन केलं की पुण्यात मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) साधारण 95 केपीए (किलोपास्कल) दिसेल. 100 दिसत नाही म्हणून घाबरू नका, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात कायम किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) शून्याच्या आसपास हवा; 10 टक्क्यांच्या पलीकडे, वर किंवा खाली, गेला असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा सेन्सर खोटं बोलतोय.

ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही यात वाटा आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या चारचाकींच्या ॲव्हरेजमध्ये 6-7 टक्के घट धरली होती. पण त्या हिशेबाने तुमच्या 11 मधलं पाऊण किमी जाईल, 3 किमी नाही. इथेनॉलने जुनं रबर खराब होऊ शकतं, म्हणून रबरी फ्युएल पाईप मात्र एकदा बघून घ्या.

आता चालवण्याबद्दल. 1368 सीसी, 114 पीएस ताकद, 207 एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर), आणि तो टॉर्क 2200 आरपीएमला. त्याच्या बऱ्याच खाली ही सव्वा टनाच्या आसपासची गाडी ओढणारं साधं 1.4 इंजिन आहे. 'वरचा गिअर म्हणजे बचत' म्हणून चौथ्यात 1400 ला पाय दाबून चढ चढवला तर इंजिन ठोकायला लागतं, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि पेट्रोलही जातं नि जोरही. तिसरा टाका, 2500 ला अर्ध्या थ्रॉटलवर चढू द्या. सपाटीला मात्र बूस्टची गरजच नसते. 80 च्या जागी 100 ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, त्यावर कुठलाही पार्ट बदलून इलाज नाही. आणि कृपा करून घाट न्यूट्रलमध्ये उतरू नका. गिअरमध्ये पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलला आयडलचं पेट्रोल जातच राहतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

रीमॅपच्या मी विरोधात नाही. पण फुटक्या होजवर बूस्ट वाढवणं म्हणजे गळक्या टाकीला मोठा पंप बसवणं. सगळं नीट झाल्यावरही वाटलं तर क्लच तपासा, विमा कंपनीला कळवा, मगच करा. मला दुरुस्तीनंतर गरज वाटली नाही.

डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज धरू नका. एकाच पंपावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, पुढच्या वेळी तसंच भरा, आणि किलोमीटरला लिटरने भागा. तो आकडा, अर्धा तास चालवल्यानंतरचं कूलंटचं तापमान आणि लाँग टर्म ट्रिम एवढं इथे टाका, मग सेन्सरचं बघू.