क्लच तुमचा, पाय तुमचा

प्रश्न : ताई, मी 54 वर्षांची, शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली शिक्षिका. ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स पूर्ण केला, परीक्षा पास झाले, परवाना हातात आला. स्कूलची गाडी माझ्याकडून कधी बंद पडली नाही, पण घरची गाडी गेटातून बाहेर काढतानाच बंद पडते. सिग्नलला मागून हॉर्न सुरू झाले की हातपाय गळतात. मुलं म्हणतात, "आई, ही विकू आणि ऑटोमॅटिक घेऊ." माझं वय आड येतंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वयाचा इथे काडीचाही संबंध नाही. स्कूलच्या गाडीत सर बसतात त्या बाजूला खाली वाकून कधी बघितलंत का? तिथेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. तुमचा पाय घाईने सुटला की सरांचा पाय खाली जातो, गाडी सावरते आणि तुम्हाला वाटतं, जमलं. कोर्स तुम्ही केलात, क्लच सरांनी चालवला. घरच्या गाडीत तो दुसरा पाय नाही, एवढंच झालंय.

साताऱ्यात मी हाच धंदा करते, त्यामुळे ते जादा पेडल किती कामाचं आहे हे मला कुणी सांगायला नको. भर बाजारात म्हैस आडवी आली तर माझी भिस्त त्याच्यावरच असते. पण मोकळ्या मैदानावर मी सीटवर चक्क मांडी घालून बसते. आता आपल्याला कुणी वाचवणार नाही, हे शिकणारीला डोळ्यांनी दिसायला हवं. मग गाडी आचके देते, बंद पडते. पडू दे. शिकताना चार वेळा बंद पडली म्हणून गाडीचं काही बिघडत नाही.

तुम्हीही रविवारी सकाळी एखादं सपाट मैदान गाठा. शेजारी असं माणूस बसवा जे ओरडणार नाही. गाडीचे हप्ते भरणारं माणूस शक्यतो नको. गाडी सुरू करून क्लच तळापर्यंत दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. उजवा पाय ब्रेकवरून काढा आणि बाजूला ठेवा, एक्सलरेटरला अजिबात शिवायचं नाही. आता डावा पाय केसभर, केसभर वर येऊ द्या. आधी काहीच होणार नाही. मग इंजिनाचा आवाज जरा खाली उतरेल, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येईल आणि गाडी हळूच पुढे सरकेल. हाच तो हाफ क्लच. पाय तिथेच खिळवा. बहुतेकींची गोची नेमकी इथे होते. गाडी हलली म्हणजे काम झालं असं वाटून पाय वर उडतो, आणि गाडी बंद. ती दोन-तीन हात पुढे गेली की मगच उरलेला क्लच सोडायचा. मग क्लच, ब्रेक, थांबा. पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी एवढंच करायचं, दुसरा गिअर नको आणि वळणंही नकोत.

असं का, तेही सांगते. कारण कळलं की पाय आपोआप शहाणा होतो. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक सतत फिरत असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. गाडी नुसती उभी असतानाही ते मिनिटाला सातशे-आठशे फेरे मारतं. त्याच्यासमोर गिअरबॉक्सची क्लचप्लेट असते. पेडल दाबलं की दोघांची फारकत, सोडलं की प्रेशर प्लेट दोघांना एकमेकांवर दाबून धरते. उभ्या गाडीत एक फिरतंय आणि दुसरं स्तब्ध. एकदम भिडवलं तर गाडीचं सगळं वजन इंजिनावर येतं आणि ते जागीच गप होतं. थोडा वेळ घसरत घसरत भिडू दिलं की फिरणारं चाक थांबलेल्या प्लेटला आपल्या वेगावर आणतं. तेवढा वेळ देणं हे तुमच्या डाव्या पायाचं काम. आणि हो, क्लच कुठे पकडतो ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं. प्लेट झिजलेली असेल तर बऱ्याच गाड्यांत पेडल पार वर आल्यावर पकडतो. म्हणून स्कूलच्या गाडीवर बसलेला पाय घरच्या गाडीत परका वाटतो.

सिग्नलचं म्हणाल, तर लाल दिव्याला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहू नका. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय मोकळा सोडा. आकडे उलटे मोजणारा सिग्नल असेल तर शेवटचे पाच-सहा सेकंद उरले की गिअर टाका. तरीही बंद पडलीच तर ब्रेक, क्लच, चावी, पहिला, याच क्रमाने. हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू दे. त्याचीही गाडी कधीतरी बंद पडली होतीच.

ऑटोमॅटिक वाईट नाही. डावा गुडघा दुखत असेल तर खुशाल घ्या. मारुतीच्या सेलेरिओमध्ये 2014 साली एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी यंत्रणा आली, तेव्हापासून क्लचचं पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलीय. तुमचा परवानाही दोन्हीला चालतो. आपल्याकडे विनागिअर असा वेगळा परवाना दुचाकीला असतो, मोटारीला नाही. पण मुलं म्हणाली म्हणून विकू नका. आधी मैदानावर जा.

प्रश्न : मी 22 वर्षांची, चिपळूणची. सपाटीला गाडी छान चालवते. पण कराडला मावशीकडे जाताना कुंभार्ली घाटात पुढे ट्रक थांबला की माझी गाडी मागे येते. मागे बस असली की डोळ्यांपुढे अंधारी येते. दादा म्हणतो, क्लच आणि रेस दोन्ही धरून गाडी जागेवर तोलायची. मला ते जमत नाही. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : जमत नाही ते बरंच आहे. दादा सांगतो तो दिखाऊपणा आहे आणि त्याची किंमत क्लचप्लेट मोजते. रेस देऊन हाफ क्लचवर गाडी तोलली की प्लेट सतत घासत राहते, तापते आणि जळते. आमच्याकडे कासला फुलं आली की सुट्टीच्या दिवशी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. रांगेतून नुसतं चालत गेलं तरी जळक्या रबरासारखा वास नाकात जातो. तो वास म्हणजे मेकॅनिकचं बिल. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लचप्लेट बदलता येत नाही, म्हणजे पार्टपेक्षा मजुरीच जास्त टोचते.

तुझ्या हाताशी हँडब्रेक आहे ना? त्याला फक्त पार्किंगपुरता ठेवू नकोस. ट्रक थांबला की ब्रेक मारून थांब, हँडब्रेक पूर्ण ओढ आणि न्यूट्रल कर. आता गाडी तुझ्या पायावर नाही. ट्रक हलला की क्लच दाबून पहिला गिअर टाक आणि सपाटीपेक्षा थोडी जास्त रेस देऊन ती तशीच धर. क्लच हळूहळू सोड. क्लच पकडला की आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं दिसतं. गाडीला पुढे जायचंय, पण हँडब्रेकने धरून ठेवलंय. ते दिसल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही. दिसलं की बटण दाबून खाली, पाय तसेच, गाडी पुढे निघते. घाबरून बॉनेट उचलायच्या आधीच हात सोडलास तर मागे येणारच.

बऱ्याच नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो. ब्रेकवरचा पाय काढल्यावर तो दोन-तीन सेकंद गाडी धरतो. असला तर चांगलंच, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. मावशीकडे जाताना मधेच दुसऱ्या कुणाची जुनी गाडी हातात आली तर?

अजून एक. पुढच्या ट्रकच्या शेपटाला चिकटू नकोस. ट्रकही मागे येतो. त्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली तुला काचेतून दिसली पाहिजेत, एवढं अंतर ठेव. आणि अरुंद जागी समोरासमोर गाठ पडली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा नियमच आहे. उतरणारा हात दाखवून तुलाच मागे घ्यायला सांगू लागला तर गोंधळून रिव्हर्स टाकू नकोस. तुझा हक्क आहे.

सराव मात्र घाटात करू नकोस. चढाची रिकामी गल्ली शोध. मी इथे मुलींना अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पहाटे नेते, तेव्हा फिरायला येणारे सोडले तर कुणी नसतं. चिपळुणात चढांना काय तोटा!

प्रश्न : माझे वडील उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कधी इंजिनही बंद करतात. म्हणतात, पेट्रोल वाचतं. मी बोलले की "चाळीस वर्षं गाडी चालवतोय" हे ठरलेलं उत्तर. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्बुरेटरच्या गाडीला त्यांचं म्हणणं थोडंफार लागू होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये असताना एक्सलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं, कारण उतारावर चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल जळतंच. बाबांना हे सांगा. पैशाचा हिशेब ते ऐकतील.

बाकी जिवाचा हिशेब. न्यूट्रलमध्ये गाडीला धरायला फक्त ब्रेक उरतात. लांब उतारावर ते सतत दाबले की तापतात आणि नेमके हवे तेव्हा दगा देतात. इंजिन बंद केलं तर ब्रेकला बूस्टरची मदत दोन-चार दाबांपुरतीच राहते, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा शिरस्ता आहे. बाबांनीही तो ऐकलेला असणार. आठवण करून द्या.

प्रश्न : नोकरीसाठी ब्रिटनला जातोय. भारतात ऑटोमॅटिकच चालवली. तिथे परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, पण मग परवाना फक्त ऑटोमॅटिकचा मिळेल. तिथे आपल्यासारखं नाही. मॅन्युअलवर पास झालं तर दोन्ही चालवता येतात, ऑटोमॅटिकवर झालं तर मॅन्युअलला बंदी. जायला महिना-दोन महिने असतील तर इथेच क्लच शिकून घे. एक बरं आहे, दोन्हीकडे गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे गिअर डाव्या हातालाच असतो. तेवढी एक कटकट वाचली.

प्रश्न : साडी नेसून गाडी चालवावी का? आणि पायात काय घालावं? – एक वाचक, बार्शी

उत्तर : साडी चालते. मी स्वतः नेसते. फक्त बसताना निऱ्या थोड्या वर ओढून मांडीखाली दाबून घ्या, नाहीतर काठ टाचेखाली येतो आणि नेमका क्लच सोडताना पाय अडकतो. सीट पुढे घ्या; क्लच तळाला गेला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. उंची कमी असेल तर बुडाखाली घट्ट उशी घ्या, मऊ नको.

पायात पातळ तळव्याचे, मागे पट्टा असलेले सँडल. जाड तळव्यातून क्लच कुठे पकडला ते पायाला कळत नाही. स्लिपर नकोच, ती पेडलखाली वळते. बरेच जण अनवाणी चालवतात, त्यालाही माझी हरकत नाही. पण मग काढलेल्या चपला ड्रायव्हरच्या पायाशी ठेवू नका, त्या पुढे सरकून ब्रेकखाली जातात. मागच्या सीटखाली टाका.