वाचकांचे प्रश्न: औषधी विजया कायद्याने कशी मिळेल?

प्रश्न: वडिलांना केमोथेरपीनंतर मळमळ आणि वेदना खूप आहेत. ओळखीचे लोक गांजा आणून देतो म्हणतात. कायदेशीर मार्ग आहे का?

उत्तर: आहे, पण गांजाचा नाही. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात भांगेच्या झाडाचे बोंड, म्हणजे फुला-फळांचा शेंडा, म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. बोंडाशिवायची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. याच पानांपासून परवानाधारक आयुर्वेदिक कंपन्या ‘विजया’ अर्क बनवतात. त्यासाठी नोंदणीकृत वैद्यांची चिठ्ठी घ्या. बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना बघा. चिठ्ठी व बिल औषधासोबतच ठेवा.

घरी भांग घोटण्याचा विचार मात्र सोडा. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा तिलाही लागतो. ओळखीच्याने आणलेला गांजा एक किलोपर्यंत सापडला, तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आजारपणाची सबब चालत नाही. परदेशातली चिठ्ठीही इथे उपयोगी नाही.

सुरू करण्याआधी कर्करोगतज्ज्ञांना सांगाच. रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण याने वाढते. मात्रा थेंबांत, अगदी कमीपासून वाढवतात; असर कधी दीड-दोन तासांनी जाणवतो. लोक तोवर ‘काहीच झालं नाही’ म्हणून पुन्हा घेतात आणि मग चक्कर येऊन पडतात.