१९ लिटरच्या स्टीलच्या केगमध्येच (बंद पिंपातच) घरची बिअर आंबवता येईल का? वेगळा फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, घ्यावाच लागतो का?

वेगळा फर्मेंटर घेऊ नका, केग उत्तम चालतो. अमेरिकेत घरी बिअर करणारे कितीतरी लोक सोडा कंपन्यांचे जुने कॉर्नेलियस केग यासाठीच वापरतात.

फक्त तो काठोकाठ भरू नका. १५-१६ लिटर वर्ट (बिअर बनण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) पुरे, कारण यीस्ट जोरात आलं की फेस थेट गॅसच्या पोस्टपर्यंत (वरच्या गॅस जोडायच्या तोंडापर्यंत) चढतो. ती पोस्ट तुंबली आणि वायूला वाट उरली नाही, तर आत दाब साठत जातो. हाच खरा धोका. म्हणून सुरुवातीचे तीन-चार दिवस गॅस पोस्टमधला पॉपेट (आतली छोटी झडप) काढा, तिथे जाड नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या पाण्यात बुडवून ठेवा. झाकण उघडण्याआधी दाब पूर्ण सोडायचा, यात हयगय नको.

आतली लांब नळी तळापर्यंत जाते आणि सगळा गाळ ओढते. ती दोनेक सेंटिमीटर कापा किंवा तरंगती नळी लावा. मला तरंगतीच आवडते, वरची निवळ बिअर आधी येते.

मोठा फायदा म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बिअर थेट दुसऱ्या केगमध्ये ढकलता येते, हवा लागतच नाही. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर असलेल्या आयपीए प्रकारच्या बिअरचा वास त्यामुळे टिकतो.

धुताना ब्लीच अजिबात नको, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. झाकणाचं रबर मात्र बदला, जुन्यात सोड्याचा वास मुरलेला असतो.